आवाजापासून किती पावले?

पदव्युत्तर वर्गात ‘गीतरामायणा’चा विषय निघाला की विद्यार्थी उत्साहाने बोलू लागतात. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले, पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ५६ गीते झाली, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या निर्मितीमागे सीताकांत लाड यांची कल्पना होती, हे सारे त्यांना पाठ असते. एकदा आम्ही सहज विचारले, “मायक्रोफोनच्या पुढे कोण होते ते सांगितलेत, मागे कोण होते?” वर्ग गप्प झाला. खरे सांगायचे तर तो प्रश्न तोंडातून बाहेर पडेपर्यंत आम्हांलाही कधी पडला नव्हता.

या मौनाचा विचार करताना एक जुना प्रसंग आठवला. तो आम्हांस भूषणावह नाही, तरीही सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी एम. ए.चे पहिले वर्ष अर्ध्यावर टाकून एका स्टुडिओत ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली उमेदवारी करण्याचा मनोदय घेऊन आला. आम्ही दोघांनीही त्याला परावृत्त करण्याची शिकस्त केली. बटणे फिरवण्याचे काम कोणीही शिकेल, वाङ्मयाची जाण मात्र सर्वांना येत नाही, अशा आशयाचे काहीबाही आम्ही त्याला ऐकवले. त्याने आमचे ऐकले नाही.

पुढे तो भेटला तेव्हा त्याने आपल्या शिक्षणाची हकिकत सांगितली. पहिले वर्षभर त्याने केबली गुंडाळल्या, स्टँड उभे केले, गायक-वादकांना चहा दिला आणि मुद्रणाच्या वेळी भिंतीला टेकून ऐकले. एके दिवशी तबल्याचे मुद्रण होते. त्याच्या वस्तादांनी माइक हाती न देता त्याला सांगितले, “आधी तबल्याभोवती फिर. डग्ग्याचा घुमार आणि चाटेची धार जिथे सारखी कानावर येते तिथे उभा राहा. तू उभा राहशील तिथे माइक लावू.” अर्धा तास तो फिरला. वस्ताद काहीच बोलले नाहीत. तबलजी मात्र कंटाळून हसू लागले.

हे ऐकताना आमच्या ध्यानात आले की ज्याला आपण बटणे फिरवणे म्हणत होतो, ते वस्तुतः एका प्रश्नाचे उत्तर देणे आहे: आवाजापासून किती पावलांवर उभे राहायचे? ध्वनिमुद्रणविद्येचा भारतातील सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो, असे आमचे मत झाले आहे. तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

तबकडीची विद्या आपल्याकडे समुद्रमार्गे आली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२च्या अखेरीस कलकत्त्यास उतरला आणि त्या नोव्हेंबरात त्याने गौहर जान व इतर कलावंतांचे आवाज मेणावर उतरवले. गैसबर्ग मूळचा पियानोवादक. अमेरिकेत कोवळ्या वयातच गायकांना साथ करण्याच्या निमित्ताने तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरला आणि नंतर तबकडीचा जनक एमिल बर्लिनर याच्या हाताखाली तयार झाला. म्हणजे आपल्याकडे ही विद्या घेऊन आलेला गृहस्थही शाळेत शिकलेला नव्हता. तोही उमेदवारीतूनच घडलेला होता.

त्या काळच्या मुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी गाई. त्याच्या आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात खाच कोरी. आवाज लहानमोठा करण्याचे कोणतेही साधन यंत्रात नव्हते. जे साधन होते ते अंतराचे. कोणते वाद्य कर्ण्याजवळ आणि कोणते दूर, याचा निर्णय मुद्रक करी. तार षड्जाला गायकाने मागे सरायचे, खर्जात उतरताना पुढे झुकायचे. नवख्या कलावंताला मुद्रकाचा माणूस खांदा धरून मागेपुढे करी. आज ज्याला ‘मिक्सिंग’ म्हणतात ते त्या काळी माणसे हलवून होत असे.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. कर्ण्याचे तोंड तेवढे गायकाच्या खोलीत असे. यंत्र आणि मुद्रक आडपडद्यामागे असत. पडदा आणि मेण यांची कृती हे धंद्याचे गुपित होते व ते जपण्यासाठी ही व्यवस्था होती. ध्वनिमुद्रक अदृश्य झाला तो नंतरच्या कोणाच्या विस्मरणामुळे नव्हे. या व्यवसायाच्या जन्मापासूनच तो पडद्याआड आहे. गौहर जान तबकडीच्या अखेरीस इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत असे, कारण मूळ मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिराला कोण गाते आहे हे समजावे लागे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ती निकड संपली. मात्र तीन मिनिटांच्या त्या अवधीत गाणाऱ्याला आपले नाव सांगण्याचे निदान कारण तरी होते; मुद्रकाला तेही नव्हते.

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि अंतराचे गणित पालटले. मायक्रोफोनला श्वासदेखील ऐकू येतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी कमावलेला आवाज त्याच्यापुढे अकारण मोठा वाटू लागला आणि कानाशी बोलावे तसे गाणाऱ्यांचा काळ सुरू झाला. सैगलांच्या गायनातील जवळीक ही त्यांच्या गळ्याची देणगी खरीच. पण ती जवळीक टिपणारे यंत्र आणि ते यंत्र कोठे ठेवायचे हे जाणणारा माणूस नसता तर ती खोलीच्या चार भिंतींत विरून गेली असती.

बोलपट आला तेव्हा हे जाणणारी माणसे देशात जवळजवळ नव्हती. ‘आलमआरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यासाठी यंत्र जोडून देण्यास आलेला डेमिंग हा अमेरिकन तज्ज्ञ दिवसाला १०० रुपये घेत असे. तो खर्च पेलेना म्हणून दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांनी रुस्तम भरुचा यांना हाताशी धरून ध्वनिमुद्रण स्वतःच केले. भरुचा व्यवसायाने वकील होते. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत असल्याने गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांत चित्रण चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवलेले असत. भारतीय चित्रसृष्टीत ध्वनिमुद्रणाचा पहिला पाठ असा पैशांच्या टंचाईतून, शेवटची गाडी आणि पहिली गाडी यांच्यामधल्या शांततेत गिरवला गेला.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रकलेच्या व यंत्रांच्या कामात तयार झालेले. १९३२ साली कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट झाला तेव्हा ध्वनीची बाजू त्यांनी अंगावर घेतली. गुरू नाही, ग्रंथ नाही, पाहायला दुसरा स्टुडिओ नाही. यंत्र उघडायचे, मुद्रण करायचे, चुकायचे आणि पुन्हा करायचे. याच दामल्यांनी फत्तेलालांसह पुढे ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला. त्या चित्रपटातील अभंगांच्या साधेपणाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक जण मुळात कान देऊन ऐकणारा मनुष्य होता, या गोष्टीचा त्या साधेपणाशी काही संबंध असावा, हे समीक्षेने क्वचितच विचारात घेतले.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ व त्याच्या ‘धूप छाँव’ या हिंदी आवृत्तीत पार्श्वगायनाचा अवलंब केला. त्यात नितीनबाबूंचे बंधू, ध्वनिमुद्रक मुकुल बोस यांचा वाटा मोठा होता. गाणे आणि चित्रण यांची फारकत झाली, आणि गाण्याला स्वतःची खोली मिळाली. त्या खोलीत अंतर हेच अजून मुख्य हत्यार होते. ‘महल’मधील (१९४९) त्या प्रसिद्ध गीताच्या आरंभी आवाज दुरून जवळ येतो. लताबाईंनी स्वतः सांगितले आहे की माइक खोलीच्या मध्यभागी होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात पावलापावलाने त्याच्यापर्यंत चालत आल्या. खेमचंद प्रकाश यांची चाल, लताबाईंचा गळा, आणि त्या पावलांचा हिशेब. यांपैकी तिसऱ्या घटकाला आपल्या संगीतसमीक्षेत नावच नाही. त्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिकेचे नावदेखील नव्हते. पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव होते. गायिकेने आपले नाव पुढे मिळवले. मुद्रकाला चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एक ओळ लाभली. तबकडीवर ती कधी उतरली नाही.

पन्नास-साठच्या दशकांतील मुंबईचे ध्वनिमुद्रण ही एक विलक्षण पाठशाळा होती. ताडदेवचे फेमस व फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, परळचे राजकमल कलामंदिर ही तिची काही ठिकाणे. मिनू कात्रक, कौशिक, रॉबिन चॅटर्जी, मंगेश देसाई ही तिच्यातील मोठी नावे. पन्नास-साठ वादक, गायक आणि कोरस एकाच वेळी एका छताखाली. हाताशी मोजके माइक, आणि सारे काही एकाच पट्टीवर, त्याच क्षणी. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनचा गज घसरला तरी पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती नंतर करण्याची सोय नसल्याने निर्णय आधी घ्यावा लागे, आणि निर्णय घेणाऱ्याला गाणे संगीतकाराइतकेच पाठ असावे लागे. गायकाने कुठे श्वास घेतला, बासरी कोणत्या मात्रेवर येणार, हे ठाऊक असल्याखेरीज बोट वेळेवर हलणार कसे?

या खोलीत शिकवण्याची रीत एकच होती: शेजारी बसणे. सहायक वर्षानुवर्षे प्रमुखाच्या उजव्या हाताला बसे. त्याला कोणी नियम सांगत नसे. तो बोटे पाही आणि कानाने पडताळून घेई. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्यापेक्षा त्याची स्थिती फारशी वेगळी नव्हती. फरक इतकाच की शिष्याला घराणे होते, बंदिशी होत्या, आपल्या गुरूचे नाव सांगताना कानाची पाळी पकडण्याचा संस्कार होता. सहायकाजवळ यांपैकी काही नव्हते. मंगेश देसायांच्या कानाबद्दल मुंबईच्या चित्रसृष्टीत आदराने बोलले जाई. परंतु त्या कानाची पद्धत सांगणारे टिपण मराठीच्या संगीतविषयक वाङ्मयात आमच्या पाहण्यात नाही. त्याच खोल्यांतील गोमंतकीय वाद्यवृंद-रचनाकारांची, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांची दखल उशिरा का होईना घेतली गेली; ग्रेगरी बूथ यांचे २००८ सालचे पुस्तक हे त्याचे एक कारण. काचेपलीकडच्या मंडळींकडे तितके लक्ष गेले नाही.

दरम्यान शाळा निघाली. १९६० साली केंद्र सरकारने पुण्यात, ‘प्रभात’च्याच आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि ध्वनिमुद्रण हा तेथील अभ्यासाचा विषय झाला. दामल्यांनी जी विद्या एकलव्यासारखी कमावली, ती त्यांच्याच वास्तूत वर्ग भरवून शिकवली जाऊ लागली. या संस्थेतून १९९५ साली बाहेर पडलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले, तेव्हा अनेकांना असे काही शिक्षण असते हे प्रथमच कळले.

तथापि एक मुद्दा येथे नोंदवला पाहिजे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे शिक्षण चित्रपटाच्या दारातून आले, संगीताच्या दारातून नाही. जर्मनीत डेटमोल्ड येथील संगीत-अकादमीत एरिश थीनहाउस यांनी १९४९ साली ‘टोनमाइस्टर’ अभ्यासक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७० साली तीच वाट धरली. तेथे प्रवेश घेणाऱ्याला वाद्य वाजवता यावे लागते, स्वरलिपी वाचता यावी लागते, आणि भौतिकशास्त्राची तयारीही असावी लागते. मुद्रक हा आधी संगीतकार असला पाहिजे, ही त्यामागील धारणा. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते आपल्याकडे तबकडी आली त्याच्या आदल्याच वर्षी. पुढे गावोगाव संगीत विद्यालये निघाली, पदव्या आल्या. परंतु हे गाणे उद्या कोणी कसे साठवील, हा प्रश्न आपण संगीताचा मानलाच नाही. तो यंत्रशाळेचा मानला. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही जे ऐकवले, ते या शंभर वर्षांच्या समजुतीचेच पाढे होते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक पट्ट्यांचे मुद्रण रुळले. आता तबला आज, बासरी उद्या, गायक परवा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीवर, अगदी जवळून, कोरडा टिपायचा आणि त्यांच्यामधले अंतर नंतर कृत्रिम घुमाऱ्याने घालायचे. १९८९ साली ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घरामागे स्टुडिओ उभारला आणि ‘रोजा’पासून (१९९२) सबंध देशाने तेथील नाद ऐकला. त्या नादाच्या घडणीत एच. श्रीधर या ध्वनिमुद्रकाचा हात किती होता, हे जाणकारांस ठाऊक आहे. २००८ साली त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर स्टुडिओ संगणकात आला, आणि संगणक झोपण्याच्या खोलीत.

या बदलाबद्दल केवळ उसासे टाकणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. जुन्या खोलीचे दार सर्वांना उघडे नव्हते. तेथे ओळखीवाचून प्रवेश कठीण होता, आणि स्त्रिया माइकच्या पुढे असत, मागे क्वचितच. आज एखाद्या तालुक्याच्या गावची मुलगी हेडफोन आणि एक साधा संगणक घेऊन ही विद्या शिकू शकते; तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हा लाभ लहान नाही. पण हरवले काय, तेही सांगितले पाहिजे. आमचा विद्यार्थी आता स्वतःच्या दोन खोल्यांच्या जागेत भक्तिगीते आणि जाहिरातींचे काम करतो. वादक आपापल्या घरून तुकडे पाठवतात. त्याला विचारले, तुझ्या हाताखाली कोणी शिकते का? तो म्हणाला, “सर, मॅडम, खोलीत दुसरी खुर्ची मावत नाही.” अंतर तो आजही घालतो, पण ते मिलिसेकंदांत, पडद्यावरचा आकडा बदलून. ते आकडे बरोबर असतात. पण तबल्याभोवती अर्धा तास फिरून जागा शोधणारे, आणि न बोलता ती तपासणारे कोणी तेथे नसते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या साऱ्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कायद्याच्या एका व्याख्येत आहे. आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, त्याच्या आजच्या रूपात, ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. ज्याने पुढाकार व जबाबदारी घेतली तो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. मुद्रकाचा त्यात विचार नाही. कर्ता कोण, हा प्रश्न आमच्या विषयाचा गाभा आहे. लोकगीताचा कर्ता, प्रक्षिप्त अभंगाचा कर्ता, भाषांतराचा कर्ता यांवर आम्ही आयुष्यभर व्याख्याने दिली. ज्या मुद्रणामुळे अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व आमच्या पिढीला ‘ऐकलेले’ वाटतात, त्याच्या कर्तृत्वाची चर्चा मात्र आम्ही कधी केली नाही. तबकडी ऐकून आपण जेव्हा म्हणतो की अमक्याचा आवाज असा होता, तेव्हा वस्तुतः तो कोणीतरी निवडलेल्या जागेवरून ऐकलेला आवाज असतो. ती जागा कळल्याशिवाय त्या विधानाला अर्थ किती उरतो? हस्तलिखिताची प्रत कोणत्या लेखनिकाने केली हे पाहिल्याखेरीज आम्ही पाठनिश्चिती करत नाही. तबकडीच्या बाबतीत आम्ही लेखनिकाला विचारतही नाही.

यावर फार मोठा उपाय सुचवण्याची आमची योग्यता नाही. मात्र यापुढे आमच्या विभागात नाट्यसंगीत वा भावगीतावर प्रबंध लिहिणाऱ्याने निदान एका जुन्या ध्वनिमुद्रकाची किंवा आकाशवाणीच्या निवृत्त तंत्रज्ञाची मुलाखत घ्यावी, एवढा आग्रह आम्ही धरणार आहोत. माइक कोणता होता हे विचारावेच. तो कुठे ठेवला होता आणि का, हे अधिक विचारावे. ही माणसे वृद्ध आहेत. पुष्कळ गेली आहेत.

१९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीचे नाद असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यावर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दुसऱ्या कोणत्याही तबकडीने कापलेले याहून मोठे अंतर नाही. याचा अभिमान आम्हां मराठी-कोकणी माणसांना आहे आणि तो रास्तच आहे. पण त्या भैरवीच्या आरंभी एक लहान अंतरही होते: केसरबाईंचे मुख आणि माइक यांमधले. ते कोणीतरी पाहिले, कदाचित माइक चार बोटे मागे सरकवला, आणि मग गाण्याची खूण केली.

पुढच्या वर्षी वर्गात गीतरामायण निघेल तेव्हा आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारू. आमच्या त्या विद्यार्थ्याला त्या तासाला बोलवायचे ठरले आहे. तो एक माइक आणि एक तबलजी घेऊन येणार आहे. विद्यार्थ्यांना आणि आम्हांलाही तबल्याभोवती फिरायचे आहे.